विद्यापीठीय संशोधनाच्या हिशेबात कार्यशाळेचा रकाना कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठांमधील संशोधनाची तुलना करणारा लेख आणि त्यासोबतचा तक्ता आपल्या अंकात वाचला. विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक या तिन्ही विद्याशाखांचे शोधनिबंध, त्यांना मिळालेली उद्धरणे (म्हणजे इतर संशोधकांनी दिलेले त्यांचे संदर्भ), पेटंट, पीएच.डी. झालेल्यांची संख्या आणि बाहेरून मिळालेला निधी असे पाच रकाने त्यात आहेत. मोजमापाला माझा विरोध नाही. मी स्वतः पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे मोजण्याला नाक मुरडणे मला शोभणारही नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. या तीन विद्याशाखा ज्या जागी एकमेकींना खरोखर भेटतात, म्हणजे विद्यापीठाची कार्यशाळा, काचकामाची खोली, उपकरण कक्ष, प्राणिगृह, ती जागा आणि तिथे काम करणारी माणसे या पाचांपैकी एकाही रकान्यात येत नाहीत, आणि जे कुठल्याच रकान्यात येत नाही त्यावर खर्च करायला कोणतेही विद्यापीठ फार काळ तयार राहत नाही.

आपल्या लेखात पेनिसिलिनचा उल्लेख विद्यापीठीय संशोधनाचे आदर्श उदाहरण म्हणून आला आहे, तेव्हा त्याच उदाहरणापासून सुरुवात करतो. फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात बुरशीचा जिवाणू मारण्याचा गुण दिसला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या निरीक्षणाचे औषध झाले ते मात्र दहाबारा वर्षांनंतर, ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या विकृतिशास्त्र विभागात. तिथे फ्लोरी हे प्रमुख होते, चेन हे रसायनशास्त्र जाणणारे सहकारी होते, आणि नॉर्मन हीटली नावाचे एक तरुण जीवरसायनतज्ज्ञ होते. अडचण अशी होती की बुरशीखालच्या द्रवात पेनिसिलिन असे, पण ते वेगळे काढायला जावे तर नष्ट होई. ईथर या द्रावकात ते उतरत असे, परंतु ईथरमधून परत कसे मिळवायचे हे कोणाला सुचत नव्हते. हीटली यांनी सुचवले की ते ईथर किंचित अल्कधर्मी पाण्याबरोबर घुसळावे, म्हणजे पेनिसिलिन पुन्हा पाण्यात येईल. पोरकट वाटावी इतकी साधी ही कल्पना होती, आणि ती लागू पडली.

ही युक्ती चंचुपात्रात जमणे आणि पुरेसे औषध हाती येणे यांत मोठे अंतर असते, आणि ते अंतर अभियांत्रिकीचे असते. महायुद्धाचे दिवस होते, साहित्य मिळत नव्हते. हीटली यांनी बुरशी वाढवायला रुग्णालयातील मलपात्रे वापरून पाहिली, कारण उथळ, पसरट आणि झाकता येण्याजोगे भांडे तेच होते. पुढे तशाच घडणीची चिनी मातीची भांडी त्यांनी स्वतः आराखडा काढून बनवून घेतली. अर्क काढण्याचे यंत्र त्यांनी काचेच्या नळ्या, पंप, दुधाच्या बरण्या आणि अंघोळीचा जुना टब असल्या जमवाजमवीतून उभे केले, आणि एखादी बाटली रिकामी होत आली की कळावे म्हणून त्याला घंटाही जोडली. आजच्या अर्कात औषध कालच्यापेक्षा जास्त आहे की कमी, हे सांगणारी पद्धतही त्यांचीच: जिवाणूंनी भरलेल्या थाळीवर लहान नळकांडी उभी करायची, त्यांत अर्क ओतायचा आणि दुसऱ्या दिवशी भोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ किती रुंद आहे ते पट्टीने मोजायचे. ही पट्टी नसती तर बाकी सगळे अंदाजपंचे राहिले असते.

२५ मे १९४० रोजी आठ उंदरांना घातक जिवाणूंची लागण करून त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले गेले. हीटली रात्रभर त्यांच्यापाशी बसून होते. पहाटे साडेतीनच्या सुमारास औषध न दिलेले चारही उंदीर मेलेले होते आणि औषध दिलेले चारही जिवंत होते. पुढच्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डच्या एका पोलीस शिपायावर ते पहिल्यांदा उपचार म्हणून वापरले गेले. तो झपाट्याने सुधारू लागला, आणि औषधाचा साठा संपला. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून पुन्हा टोचण्यात आले, तरीही ते पुरले नाही आणि मार्चमध्ये तो दगावला. तो वाचला नाही याचे कारण वैद्यकात नव्हते. पुरेशी भांडी आणि पुरेसे हात नव्हते, हे कारण होते.

आता आपला तक्ता हाती घेऊन हीटली यांना त्यात शोधू. ऑगस्ट १९४० च्या पहिल्या शोधनिबंधावर सात नावे आहेत, तीही इंग्रजी वर्णानुक्रमाने. त्यांत हीटली चौथे. प्रमुख लेखक नाहीत, निधी आणणारे नाहीत. १९४५ चे नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळाले. जास्तीत जास्त तिघांनाच देण्याचा नियम आहे, त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. ऑक्सफर्डने १९९० मध्ये हीटली यांना वैद्यकशास्त्राची मानद डॉक्टरेट दिली. वैद्यकीय शिक्षण न घेतलेल्या माणसाला ती पदवी देण्याची त्या विद्यापीठाच्या आठशे वर्षांतील ती पहिलीच वेळ होती. विद्यापीठांची आठवण शाबूत असते, फक्त ती उशिरा जागी होते.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे आहे. अॅलन कॉरमॅक हे केपटाऊन विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते. किरणोत्सारी द्रव्यांच्या वापरावर भौतिकशास्त्रज्ञाची देखरेख हवी असा कायदा असल्याने १९५६ मध्ये काही महिने त्यांना आठवड्याचा दीड दिवस रुग्णालयात घालवावा लागला. तिथे त्यांनी पाहिले की किरणोपचाराची मात्रा ठरवताना सारे शरीर जणू एकजिनसी आहे असे गृहीत धरले जाते. हाडातून किरण किती शोषले जातात आणि मांसातून किती, हे शरीर न उघडता बाहेरून मोजता येईल का, हा त्यांचा प्रश्न. सीटी स्कॅनचे गणित याच प्रश्नातून निघाले. पहिल्या चाचणीसाठी त्यांनी कार्यशाळेकडून अॅल्युमिनियमचे एक नळकांडे, भोवती लाकडाचे कडे, असा नमुना बनवून घेतला आणि कोबाल्टच्या किरणांनी तो तपासला. अॅल्युमिनियम आणि लाकूड यांचे आकडे ठीक आले, मात्र आलेखावर मध्याजवळचे तीन बिंदू रेषेपासून थोडे हटलेले होते. कार्यशाळेत चौकशी केल्यावर उलगडा झाला: नळकांड्याच्या मध्यभागी किंचित वेगळ्या अॅल्युमिनियमची एक खुंटी बसवलेली होती. पद्धत वापरणाऱ्याला जे माहीत नव्हते ते पद्धतीला दिसले होते. ही हकीकत कॉरमॅक यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात स्वतः सांगितली आहे. खात्री कार्यशाळेतल्या माणसाच्या उत्तराने झाली. ते उत्तर द्यायला तिथे कोणी नसते तर ते तीन बिंदू मोजमापाची चूक म्हणून खोडले गेले असते.

त्यांचे १९६३ आणि १९६४ चे शोधनिबंध जवळपास कोणीच वाचले नाहीत. प्रती मागवणाऱ्यांत एक स्वित्झर्लंडचे हिमस्खलन संशोधन केंद्र होते, हा त्या काळातला सर्वांत गमतीचा प्रतिसाद. लंडनमध्ये हाऊन्सफिल्ड या अभियंत्याने स्वतंत्रपणे बनवलेल्या यंत्रातून १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला, आणि १९७९ चे वैद्यकाचे नोबेल दोघांना विभागून मिळाले. दोघांपैकी एकाकडेही पीएच.डी. नव्हती. आपल्या तक्त्याच्या चौथ्या रकान्यात दोघांचे मिळून शून्य आले असते, आणि पहिली काही वर्षे उद्धरणांच्या रकान्यातही फारसे वेगळे काही आले नसते.

क्ष-किरणांच्या आधी बॉनमध्ये गाइस्लर या काचकाम करणाऱ्या कारागिराने हवा काढून घेतलेल्या नळ्या बनवल्या होत्या, आणि त्याच जातीच्या नळीवर काम करताना रोंटगेन यांना १८९५ मध्ये ते किरण सापडले, एवढे फक्त नोंदवून पुढे जातो. गाइस्लर यांनाही बॉन विद्यापीठाने १८६८ मध्ये मानद डॉक्टरेट दिली होती. म्हणजे हा प्रश्न विद्यापीठांना तेव्हाही कळत होता.

एक अनुभव माझा स्वतःचा. माझी एक विद्यार्थिनी जिवंत पेशींच्या थराचा विद्युतरोध मोजत होती. हे काम वैद्यकीय विभागातील एका सहकाऱ्याबरोबर चालले होते. आलेखावर दर बावीस मिनिटांनी एक छोटी लाट येऊ लागली. आम्ही सारे हरखलो. पेशींना स्वतःची लय आहे असे गृहीत धरून तिने निबंधाचा अर्धा मसुदाही लिहिला. त्या आठवड्यात पेशी ठेवण्याच्या उबपेटीचे दार नीट बसत नव्हते म्हणून कार्यशाळेतले तंत्रज्ञ बिजागरी बदलायला आले. काम आटोपूनही ते तिथेच उभे राहिले आणि तिला म्हणाले, "ताई, हा खटका किती वेळाने वाजतो, मोजलंय का कधी?" तापमान राखणाऱ्या खटक्याची तार आमच्या मोजमापाच्या तारेला खेटून गेली होती. त्यांनी ती दुसऱ्या बाजूने वळवली, आमच्या तारेवर पत्र्याचे आवरण चढवून ते जमिनीला जोडले, आणि लाट गेली. लय पेशींची नव्हती, पेटीची होती.

तो मसुदा आम्ही फाडला. दोन वर्षांनी त्याच मांडणीवर खरे काही हाती लागले आणि निबंध छापून आला. त्याच्या शेवटी मी लिहिले, "तांत्रिक साहाय्याबद्दल कार्यशाळेचे आभार." नाव लिहू नका असे मला कोणी सांगितले नव्हते. ते लिहायचे असते हेच मला सुचले नाही. ते तंत्रज्ञ निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरली गेली नाही, आणि मी निघालो तेव्हा तिथली लेथ कापडाखाली झाकलेली होती. आता एखादा साधा धारक हवा असला तरी विद्यार्थी कंपनीकडे मागणी नोंदवतात आणि वाट पाहत बसतात.

असे का होते, हे विद्यापीठात वावरलेल्या कोणालाही ठाऊक आहे. निधी प्रकल्पाला मिळतो आणि प्रकल्प तीन-चार वर्षांत संपतो. तंत्रज्ञाचे कौशल्य मुरायला मात्र दहा वर्षे लागतात. प्रकल्पाबरोबर येणारा कंत्राटी माणूस यंत्राचा स्वभाव ओळखू लागतो न लागतो तोच त्याची मुदत भरते. भरीला लेखकत्वाचे नियम आहेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांनुसार नुसते काम केल्याने कोणी लेखक ठरत नाही. त्याने मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यातही भाग घ्यावा लागतो. नियम वाजवी आहे. पण त्याच नियमांत असेही म्हटले आहे की ज्याने कामात मोलाची भर घातली आहे त्याला मसुद्यात भाग घेण्याची संधी द्यावी, आणि हे वाक्य आमच्यापैकी फार थोड्यांनी वाचलेले असते. मसुदा तंत्रज्ञाला दाखवायचा नाही, आणि मग त्याने मसुदा पाहिला नाही म्हणून तो लेखक नाही असे म्हणायचे, याला माझ्याकडे सभ्य शब्द नाही.

यावर उत्तर येईल की मग कोणाकोणाची नावे घालायची? भीती निराधार नाही. पदार्थविज्ञानातील हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानावरील २०१५ च्या शोधनिबंधाला ५,१५४ लेखक होते आणि ३३ पानांपैकी २४ पाने नावांनीच भरली होती. शिवाय तंत्रज्ञ हेच खरे शास्त्रज्ञ, असा उलटा दावाही मला करायचा नाही. फ्लेमिंग यांचा विस्मृतीत गेलेला निबंध चेन यांनी शोधून वाचला नसता आणि फ्लोरी यांनी पैसा व माणसे उभी केली नसती, तर हीटली यांच्या हातांना काम कुठून मिळाले असते? लेखकांची यादी फुगवण्यापेक्षा कोणी काय केले ते लिहिणे बरे, आणि त्याची सोय आता झालेली आहे. अनेक नियतकालिके चौदा भूमिकांची एक ठरावीक यादी वापरतात: कल्पना कोणाची, उपकरण वा साधने कोणाची, मोजमाप कोणी केले, पडताळणी कोणी केली, आज्ञावली कोणी लिहिली, मसुदा कोणाचा. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांनी २०१७ पासून तंत्रज्ञांची ओळख, मान आणि बढतीची वाट याविषयी लेखी बांधिलकी स्वीकारली आहे. ही दोन्ही पावले लहान आहेत, आणि त्यांना नवा निधी लागत नाही.

आपल्याकडे माझी मागणी त्याहून लहान आहे. पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा सहावा रकाना घाला: कायमस्वरूपी तंत्रज्ञ किती, आणि शंभर संशोधकांमागे ते प्रमाण किती. ही माहिती विद्यापीठांच्या आस्थापना विभागात पडून असते. फक्त कोणी विचारत नाही. एखाद्या संशोधनाची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी प्राध्यापकांना जमल्यास इतकेही विचारावे, की हे यंत्र कोणी बनवले आणि ते बिघडल्यावर कोणाला बोलावता. उत्तरात एखादे नाव आले, तर तेही छापा.

आपला,
पदार्थविज्ञानाचा एक निवृत्त अध्यापक