नकाशात उमटलेली, डोंगरावर नसलेली पायवाट

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : एक्स्पोर्ट केलेल्या नकाशात नको असलेली रेघ उमटणे, आणि त्याबद्दल आपल्याकडून मिळालेला चुकीचा सल्ला

महोदय,

मी पुण्यात राहतो आणि ट्रेकिंग करणाऱ्यांसाठी डोंगरवाटांचे नकाशे काढतो. आपल्या चित्रसंपादन सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी गेली चार वर्षे न चुकता भरतो आहे. यंदा एका गटासाठी राजगड ते तोरणा या वाटेचा ए-३ नकाशा केला आणि त्याच्या ३०० प्रती छापल्या. पहिल्याच ट्रेकच्या आदल्या संध्याकाळी एका मुलीने नकाशावर बोट ठेवून विचारले, "काका, संजीवनी माचीवरून उतरून धारेने पुढे गेलं की ही आडवी पायवाट लागते, ती कुठल्या गावात उतरते?"

मी चष्मा लावून पाहिले. तिथे पायवाट नाही. मी ती काढलेलीही नाही.

जंगलाच्या गडद हिरव्या रंगावर केसाएवढी फिकट रेघ पूर्व-पश्चिम गेली होती. तीही सलग नव्हती. सेंटीमीटरभर दिसायची, विरायची, पुन्हा दिसायची. माझ्या सूचीत पायवाटेची खूण फिकट तुटक रेघ अशीच आहे. मुलीचे काहीच चुकले नव्हते. भिंतीवर लावायच्या चित्रात अशी रेघ आली तर माणूस फार तर नाक मुरडेल. वाटेच्या नकाशात मात्र प्रत्येक रेघ काहीतरी सांगत असते, आणि धुक्यात माणूस तिच्यावर विसंबून पाऊल टाकतो.

आता ही रेघ आली कुठून ते सांगतो, कारण आपल्याकडच्या तिघांपैकी एकानेही ते शोधायची तसदी घेतली नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची एक शीट १५ मिनिटे गुणिले १५ मिनिटे एवढा प्रदेश दाखवते. १८ अंश १५ मिनिटांचे अक्षवृत्त नेमके राजगड आणि तोरणा यांच्या मधून जाते, त्यामुळे हे दोन शेजारी गड दोन वेगळ्या शीटवर येतात. (ही वाट केलेल्या कुणालाही विचारा, दोन शीट चिकटवायचा वैताग तो सांगेल.) मी दोन्ही शीट वेगवेगळ्या गिरवल्या. साहजिकच मधले जंगल दोन तुकड्यांत आले. रंग तोच, कडेला कड तंतोतंत जुळलेली, मध्ये फट शून्य. १६०० टक्के झूम करून तपासले आहे.

छपाईच्या सुमारे तीन आठवडे आधी स्क्रीनवर ती रेघ मला पुसटशी दिसली होती, आणि मी लगेच आपल्याला लिहिले होते. उत्तर आले : "हा फक्त स्क्रीनवरचा भास आहे, छपाईत येणार नाही." पीडीएफमध्ये पारदर्शक थर सपाट केल्यावर दिसणाऱ्या बारीक पांढऱ्या रेघांबद्दल हे बहुतेक वेळा खरे असते, हे मलाही ठाऊक आहे. पण मी पीडीएफ पाठवलीच नव्हती. ३०० डीपीआयची (इंचाला ३०० पिक्सेल) टिफ फाइल होती, म्हणजे पिक्सेलचे पक्के चित्र, आणि तसे पत्रात स्पष्ट लिहिले होते. टिफमध्ये जे पिक्सेल बसले ते बसले, प्रेसचे मशीन काय वेगळे छापणार?

दुसरे उत्तर : हीलिंग ब्रशने (आजूबाजूचे रंग ओढून डाग झाकणाऱ्या साधनाने) पुसून टाका. करून पाहिले. रेघ गेली, पण जाताना शेजारच्या २० मीटर अंतराच्या दोन समोच्च रेषा एकमेकींत कालवून गेली. जिथे साधा उतार आहे तिथे नकाशात कडा उभा राहिला. तिसरे उत्तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करण्याचे होते. तोही केला. त्याने काय होणार होते, हे अजून कळलेले नाही. मग छपाईची तारीख डोक्यावर आल्यावर आपल्या पहिल्या उत्तरावर भरवसा ठेवून मूळ फाइलच प्रेसला दिली. माझी चूक असेल तर एवढीच.

प्रती परत आल्यावर रात्री बसलो. आयड्रॉपरने जंगलाचा रंग मोजला (लाल, हिरवा, निळा या क्रमाने; पांढरा म्हणजे तिन्ही २५५) : ६०, ९६, ५२. रेघेवर, ती सर्वांत ठळक होती तिथे, मोजला : १०९, १३६, १०३. हे आकडे कागदावर मांडले आणि सगळे उलगडले. त्यात बरोबर पाऊण हिस्सा हिरवा आहे आणि पाव हिस्सा पांढरा. कड पिक्सेलच्या मधोमध आली की वरचा तुकडा पिक्सेलचा अर्धा भाग व्यापतो. अँटी-अलायझिंगमुळे (कड दातेरी दिसू नये म्हणून कडेच्या पिक्सेलमध्ये रंग मिसळण्याची सोय) तिथे निम्मा हिरवा, निम्मा पांढरा असा रंग बसतो. मग खालचा तुकडा येतो. तो उरलेला अर्धा भाग भरत नाही, आधीच्या मिश्रणावरच निम्मा चढतो. पाव पांढरा तसाच राहतो.

आणि रेघ तुटक का? नकाशा यूटीएम प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याची एक पद्धत) आहे, त्याचा मध्य रेखांश ७५ अंश. राजगड-तोरणा त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून अक्षवृत्त नकाशावर अर्ध्या अंशाहून थोडे कमी कललेले येते. कललेली कड दर १३५ पिक्सेलच्या आसपास एक पायरी उतरते. पायरीच्या मध्यावर पांढरा जास्त झिरपतो, कड पिक्सेलच्या सीमेवर आली की मुळीच नाही. अशा रीतीने आपल्या सॉफ्टवेअरने माझ्यासाठी एक पायवाट आखून दिली.

उपाय वीस मिनिटांचा निघाला. एक्स्पोर्ट करण्याआधी दोन्ही तुकडे जोडून एकच आकार केला. जिथे तुकडे जोडता येत नव्हते, तिथे खाली त्याच हिरव्या रंगाचा एक सलग थर टाकला, म्हणजे झिरपले तरी हिरवेच झिरपेल. पुन्हा मोजले : सगळीकडे ६०, ९६, ५२.

आकार एकामागून एक रंगवणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हे होऊ शकते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की आपल्या जुन्या आवृत्तीत एक्स्पोर्टच्या चौकटीत अँटी-अलायझिंग बंद करण्याचा पर्याय होता, तो नव्या अपडेटमध्ये न सांगता काढला. मदत-पानावर मात्र तो अजून चित्रासकट झळकतो आहे. आणि पैसे भरणाऱ्या ग्राहकाने फाइलचा प्रकार लिहून कळवल्यावरही "छपाईत येणार नाही" असे ठासून सांगितले गेले.

तरी माझी मागणी अशी. वाया गेलेल्या ३०० प्रतींचा खर्च, प्रत्येकी ३८ रुपयांप्रमाणे ११,४०० रुपये, मला परत मिळावा. काढलेला पर्याय पुन्हा द्यावा, नाहीतर निदान मदत-पान दुरुस्त करावे. आणि ते पहिले उत्तर चुकीचे होते, असे मला लेखी कळवावे. पैशांपेक्षा या शेवटच्या गोष्टीची मी जास्त वाट पाहतो आहे, कारण त्या ट्रेकिंग गटाला मला तोंड दाखवायचे आहे.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन. आपले कार्यालय दुसऱ्या शहरात असले तरी या कायद्याने मला पुण्यातूनच दाद मागता येते.

कळावे,
आपला चार वर्षांचा ग्राहक
पुणे

सोबत : लाल पेनाने खूण केलेली छापील प्रत, आधीची आणि नंतरची टिफ फाइल, आपली तिन्ही उत्तरे, प्रेसचे बिल.