कोळशाच्या वॅगनी आणि युरोपची एकी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला युरोपियन युनियनवरचा लेख वाचला. लेख चांगलाय, पण जे सगळेच लिहितात ते त्यातही आलंय, म्हणजे दोन महायुद्धं लढून युरोपच्या नेत्यांना शहाणपण सुचलं, त्यांनी मन मोठं केलं, जुनं वैर गाडलं, आणि आपल्याकडे असं मोठं मन कुणाकडे नाही म्हणून सार्कचं, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांच्या संघटनेचं, घोंगडं भिजत पडलंय. मला नाही पटत हे. माझं सगळं आयुष्य रेल्वेच्या गुड्स ऑफिसात कोळसा-सिमेंटची बिलं तपासण्यात गेलं, त्यामुळे असेल कदाचित, पण मला यात मन कमी आणि बिलं जास्त दिसतात.

या युनियनची सुरुवात कुठून झाली बघा. ९ मे १९५० ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी पॅरिसमध्ये जाहीर केलं की फ्रान्स आणि जर्मनीचा सगळा कोळसा आणि सगळं पोलाद एका सामायिक ऑथॉरिटीच्या हाताखाली ठेवूया, ज्याला यायचं त्याने या. कल्पना मूळ फ्रान्सच्या नियोजन खात्याचे प्रमुख झाँ मोने यांची. आता हे प्रेमापोटी होतं का? जर्मनीच्या रूर भागात कोळसा, फ्रान्सच्या लॉरेनमध्ये लोखंडाचं खनिज, आणि रूरचा कोक, म्हणजे भट्टीसाठी भाजून तयार केलेला कोळसा, आल्याशिवाय लॉरेनच्या भट्ट्या नीट चालत नाहीत. तिकडे अमेरिकेला जर्मनीचं पोलाद वाढायला हवं होतं कारण रशिया समोर उभा. फ्रान्सला कळून चुकलं की जर्मनीला फार दिवस दाबून ठेवता येणार नाही, मग निदान सामायिक खात्यावर तरी ठेवू. आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांना दिसलं की पराभूत देश म्हणून वरून कंट्रोल सहन करण्यापेक्षा बरोबरीने टेबलावर बसायला मिळतंय. दोघांनाही दुसऱ्यावर काडीचा विश्वास नव्हता म्हणून तर ऑफिस काढावं लागलं ना.

१८ एप्रिल १९५१ ला पॅरिसमध्ये सह्या झाल्या, सहा देश, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. कराराची प्रत फ्रान्सच्या सरकारी छापखान्यात छापली, कागद डच, शाई जर्मन, बांधणी बेल्जियम-लक्झेंबर्गची आणि रेशमी फीत इटलीची. असल्या गोष्टी पुरवणीत छापायला छान असतात. पण खरा मुद्दा आतल्या कलमांत आहे, तो कुणी सांगत नाही. हाय ऑथॉरिटी नावाची ९ जणांची बॉडी केली, आणि त्यातल्या कुणीही आपल्या सरकारची ऑर्डर घ्यायची नाही असं करारातच लिहून टाकलं. दुसरं म्हणजे पैसा. या बॉडीने सरकारांपुढे हात पसरलाच नाही, थेट खाणी आणि पोलाद कारखान्यांवर उत्पादनाच्या किमतीवर लेव्ही, म्हणजे एक प्रकारचा कर, लावली, सुरुवातीला ०.३ टक्के आणि १९५३ च्या मध्यापर्यंत ०.९ टक्के. लेव्ही थेट कंपन्यांकडून जमा होत असल्यामुळे एखादं सरकार रुसलं तरी ऑफिसचा पगार थांबत नव्हता. आपल्याकडे किती मंडळं आणि महामंडळं निव्वळ अनुदान लटकलं म्हणून झोपली ते तुम्हीच रोज छापता.

आता माझ्या आवडीचा विषय, भाडं. रेल्वेत टेलिस्कोपिक रेट असतो, म्हणजे अंतर जितकं लांब तितका दर किलोमीटरमागे उतरत जातो, शिवाय लोडिंगचा जो फिक्स चार्ज आहे तो एकदाच लागतो. पण त्या काळी रूरहून निघालेली कोळशाची वॅगन फ्रान्सच्या हद्दीत शिरली की कागदावर तिचा प्रवास तिथे संपला असं धरायचे आणि हद्दीपासून नवीन प्रवास सुरू, म्हणजे फिक्स चार्ज परत आणि दरही परत वरच्या टप्प्यापासून. गाडीतलं कोळशाचं एक ढेकूळही हललेलं नाही, पण बिलावर माल उतरवून पुन्हा भरल्याचा हिशोब! त्यामुळे तेवढंच अंतर देशातल्या देशात गेलं तर स्वस्त आणि हद्द ओलांडली की महाग. (आपल्याकडे जीआयपी आणि बीबीसीआय अशा वेगवेगळ्या कंपन्या होत्या तेव्हा असलेच प्रकार चालायचे असं आमचे सीनियर सांगायचे.) ही गोष्ट सहाही देशांच्या रेल्वेंना माहीत होती पण सोडवायची कुणी, प्रत्येक रेल्वेला आपलं उत्पन्न प्यारं. हाय ऑथॉरिटीने मागे लागून १९५५ पासून सरळ थ्रू रेट आणले, हद्द आली म्हणून नवीन मोजणी नाही. युरोपच्या एकीचा इतिहास लिहिणारे या रेटला एक ओळसुद्धा देत नाहीत, आणि मला विचाराल तर शूमानच्या भाषणापेक्षा कारखानदाराला युरोप पहिल्यांदा कळला तो या बिलात.

आणि मोठ्या मनाचं म्हणाल तर ऑफिस कुठे काढायचं यावरून हे लोक कसे भांडले तेही ऐका. जुलै १९५२ मध्ये सहा मंत्री पॅरिसमध्ये रात्रभर बसलेत, जवळजवळ सगळे ब्रुसेल्सला तयार, आणि बेल्जियमचे मंत्री व्हान झीलंड म्हणतात ब्रुसेल्स नको, आमचं लिएज शहरच पाहिजे, कारण घरच्या राजकारणात त्यांचे हात बांधलेले. स्वतःच्या राजधानीला स्वतःच नाही म्हणणारा मंत्री मी तरी दुसरा बघितला नाही. शेवटी पहाटे सगळे पेंगुळले तेव्हा लक्झेंबर्गचे जोसेफ बेक म्हणाले, तात्पुरतं आमच्याकडे सुरू करा. १० ऑगस्टला तिथे काम सुरू झालं आणि त्या तात्पुरत्याचं काय झालं तर युनियनचं कोर्ट आजही लक्झेंबर्गमध्ये आहे! पार्लमेंटचे मेंबर आणि त्यांच्या फायली अजून ब्रुसेल्स ते स्ट्रासबर्ग वाऱ्या करतायत, त्याला वैतागलेले लोक तिकडेही भरपूर आहेत.

सगळं गोड गोड झालं असंही नाही. ८ ऑगस्ट १९५६ ला बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या खाणीत आग लागून २६२ माणसं मेली, त्यातले १३६ इटलीचे. हे इटालियन तिथे का होते, तर १९४६ मध्ये दोन्ही सरकारांनी सौदा केला होता की इटलीने मजूर द्यायचे आणि बेल्जियमने कोळसा. कोळशाच्या भावावर हाय ऑथॉरिटीला अधिकार, पण खाणीतल्या सेफ्टीवर नव्हता, तो सरकारांनी आपल्याकडेच ठेवला होता. एवढी माणसं गेल्यावर खाण सुरक्षेसाठी कायमची कमिटी झाली, १९५७ मध्ये. नंतर स्वस्त तेल आणि अमेरिकन कोळसा आला, खाणींच्या तोंडाशी माल पडून राहिला, १९५९ मध्ये हाय ऑथॉरिटीने आणीबाणीचे अधिकार मागितले तर सरकारांनी सरळ नकार दिला. म्हणजे जिथे कलम होतं तिथे काम झालं आणि जिथे सरकारांच्या मर्जीवर होतं तिथे अडलं. ब्रिटन तर आलाच नाही, खाणी नुकत्याच सरकारी केल्या होत्या, त्या परक्या ऑफिसच्या हातात कोण देणार.

पॅरिसचा तो कोळसा-पोलादाचा करार ५० वर्षांचा होता, २३ जुलै २००२ ला मुदत संपली आणि रीतसर बंद झाला. त्यातली डच बाजूची मोठी पोलाद कंपनी, हूगोव्हन्स, तिचा आयमाउडनचा कारखाना आज आपल्या टाटांकडे आहे, हे जाता जाता.

आता सार्क. सार्कच्या सनदेतच आहे की सगळे निर्णय एकमताने आणि दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेला घ्यायचेच नाहीत. काठमांडूच्या सेक्रेटरिएटला ना लेव्ही ना अधिकार. अशा ऑफिसात मोठ्यात मोठ्या मनाचा माणूस बसवला तरी तो काय करणार, चहा पाजणार. २०१४ नंतर शिखर परिषदच झालेली नाही. त्यापेक्षा मला नोव्हेंबर २०२४ ची बातमी मोठी वाटली, नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांमधून बांगलादेशला गेली, तीन देश, एक मीटर, आणि बिल कुणाचं किती ते ठरलेलं. तुमच्या पेपरात शिखर परिषदेच्या फोटोला अर्धं पान मिळतं, अशा बातमीला एक कॉलम तरी द्या ही विनंती.

शेवटचं एक, तेवढं दुरुस्त करा. लेखात स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क कोर्टाला युरोपियन युनियनचं कोर्ट म्हटलंय. ते कौन्सिल ऑफ युरोपचं आहे, ती संस्था १९४९ ची, वेगळीच. तिच्यात ४६ देश आहेत, तुर्कस्तान आहे, युनियनमधून बाहेर पडलेला ब्रिटनही अजून आहे, रशियाला मार्च २०२२ मध्ये काढलं.

आपला वाचक,
एक निवृत्त गुड्स क्लार्क, भुसावळ