पाय धुण्याचे काम अजून बाकी आहे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, चर्चमध्ये धर्मगुरूंनी बारा जणांचे पाय धुतले, त्याचे छायाचित्र आपल्या अंकात पाहिले. पाठोपाठ वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिले की, मिशनऱ्यांची सेवा हे धर्मांतराचे आमिष होते आणि आता अशा सेवेची गरजही उरलेली नाही. मी मिरजेची निवृत्त परिचारिका. माझी बरीचशी नोकरी कुष्ठरुग्णांच्या वॉर्डात झाली. पाय धुणे हे माझे रोजचे काम होते, म्हणून हे पत्र.

हे काम कसे असते ते आधी सांगते, कारण फार थोड्यांनी ते पाहिलेले असते. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवर घाला घालतात. तळपायाची संवेदना जाते, घाम येणे थांबते, कातडी सुकून भेगाळते. औषधांनी रोग बरा होतो, पण मेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. मग चुलीतला निखारा, बाभळीचा काटा, चपलेतून वर आलेला खिळा, रात्री पाय कुरतडणारा उंदीर, यातले काहीच माणसाला कळत नाही. यावर उपाय साधा आहे. टबात कोमट पाणी घ्यायचे. ते किती गरम आहे हे आपल्या कोपराने पाहायचे, रुग्णाला विचारून उपयोग नाही. पंधरा-वीस मिनिटे पाय भिजू द्यायचे. जाड झालेली कातडी वजरीने हलक्या हाताने घासायची, भेगांच्या कडा सारख्या करायच्या, बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडून पाहायच्या. शेवटी पाय ओलसर असतानाच तेल लावायचे. हे रोज करायचे, आयुष्यभर. जखम झालीच तर ड्रेसिंग, आणि त्याहून मोठे औषध म्हणजे तो पाय टेकवायचा नाही. शेतमजुराला हे सांगणे किती अवघड असते ते सांगणाऱ्यालाच ठाऊक. आमच्या मेट्रनबाईंचा एक कडक नियम होता : ड्रेसिंग करताना नाकाला पदर लावायचा नाही. जखमेला वास येतो हे रुग्णाला आपल्याआधी माहीत असते, असे त्या म्हणायच्या.

जत भागातले एक आजोबा मला कायमचे लक्षात राहिले आहेत. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी कधी न चुकवलेली. वॉर्डात आले तेव्हा उजव्या टाचेला मोठी जखम होती. मी टब घेऊन पुढ्यात बसले, तर त्यांनी पाय धोतराखाली ओढून घेतले. म्हणाले, "पोरी, माझ्या पायाला हात नगं लावूस. मला पाप लागंल." घरच्यांनी त्यांची ताटवाटी वेगळी केली होती आणि गोठ्यात बाज टाकून दिली होती. त्यांच्या पायाला कित्येक वर्षांत कोणाचा हात लागला नव्हता. बरीच समजूत घालावी लागली, तेव्हा त्यांनी एक पाय पुढे केला. दुसरा तासाभराने. पुढे तेच टबाजवळ सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे आणि नव्या रुग्णांना कोपराने पाणी कसे बघायचे ते शिकवायचे. पाय धुऊन होईपर्यंत विठ्ठल विठ्ठल म्हणत असायचे. ते वारकरी म्हणून आले, वारकरी म्हणूनच घरी गेले. त्यांनी माळ काढावी असे कोणी सुचवले नाही. सुचवले असते तर आमच्या मेट्रनबाईंनी सुचवणारीलाच वॉर्डाबाहेर काढले असते.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय मी लहानपणी शब्बाथशाळेत पाठ केला होता. प्रभू येशू जेवणावरून उठतो, बाह्यवस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. त्यांतला पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीही धुणार नाहीस. हे वाक्य मला खऱ्या अर्थाने कळले ते जतच्या आजोबांपुढे बसल्यावर. त्या रात्री प्रभूने यहूदा या शिष्याचेही पाय धुतले. तो आपल्याला धरून देणार हे ठाऊक असताना धुतले आणि त्याच्याकडून काही कबूल करून घेतले नाही. मग सगळ्यांना सांगितले की, मी तुम्हाला केले तसे तुम्हीही एकमेकांना करा. मी ख्रिस्ती आहे आणि हे पाचारण मी माझ्यासाठी मानते. समोरच्याने ख्रिस्ताला मानले तरच त्याचे पाय धुवायचे अशी अट त्यात कुठेही नाही. आमिष दाखवून कोणी कधी सेवा केली असेल, तर त्याने या अध्यायाची आज्ञा मोडली आहे, एवढे मी एक ख्रिस्ती बाई म्हणून स्पष्ट लिहिते.

पण पत्रलेखकांनी सगळ्यांना एका मापाने मोजू नये. मिशनरी डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले. हे गाव पुढे दवाखान्यांचे गाव झाले त्याचे मूळ तिथे आहे. सांगली-कोल्हापूरबरोबर विजापूर-बेळगावकडचे कानडी बोलणारे रुग्णही इथे येत राहिले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरुग्णाची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदनाच कळत नाही, म्हणून जखमा चिघळत जातात आणि बोटे जातात. पायांची काळजी घेण्याची आमची सारी विद्या या शोधावर उभी आहे, आणि तिचा फायदा घेणाऱ्याला कोणी धर्म विचारत नाही. हे काम ख्रिस्ती लोकांनीच केले असेही माझे म्हणणे नाही. बाबा आमट्यांचे आनंदवन किंवा शिवाजीराव पटवर्धनांचे अमरावतीचे तपोवन आठवले की माझे हात आपोआप जोडले जातात.

आता गरज उरली नाही, या विधानाबद्दल. डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण झाल्याने कुष्ठरोग ही देशपातळीवर सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नाही, असे जाहीर झाले. पुष्कळांना वाटले, रोगच संपला. आजही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात, आणि ती सुरू झाल्यावर रुग्णापासून लागण होण्याची भीती लवकरच संपते. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, गावातल्या आरोग्यसेविकेला, आशाताईंना, दाखवा.

आणि कायद्याचे म्हणाल तर कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होते. हिंदू विवाह कायद्यात होते तसे आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही होते. कुष्ठरोग्याला हात लावणारा प्रभू ज्यांचा, त्या आमच्या समाजातून हे कलम काढा म्हणून किती आवाज उठला? फार थोडा. याचे मला दुःख आहे.

वॉर्डाबाहेरची गरज तर मी रोज माझ्या गल्लीत पाहते. मधुमेहाने बधिर झालेले पाय आता घरोघर आहेत. जखमेची जात वेगळी, पण न कळणारा खिळा तोच. पाय कापावा लागलेली माणसे आपण सगळेच ओळखतो, आणि त्यातल्या कित्येकांचा पाय रोज कोणी नुसता उचलून पाहिला असता तरी वाचला असता. म्हातारपणी स्वतःचा तळवा स्वतःला दिसत नाही. मुले पुण्याला किंवा परदेशात. सून दमून कामावरून आलेली असते, तिला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून माझी विनंती सर्वांत आधी आमच्याच मंडळ्यांना, म्हणजे एकेका चर्चच्या ख्रिस्ती समुदायाला, आहे. सांगली-कोल्हापूर भागात ख्रिस्ती मंडळी आहे आणि तिच्यात एकही निवृत्त सिस्टर नाही, असे मी तरी पाहिलेले नाही. महिला मंडळ आहे, तरुण संघ आहे, सभागृह आहे, आणि ते आठवड्यातले सहा दिवस कुलूपबंद असते. महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर तिथे टब मांडावेत. शेजारपाजारच्या कोणाही माणसाने यावे. तरुण मुलांनी पाय धुवावेत, सिस्टरांनी तपासावेत, जखम दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठवावे. आल्यागेल्याला पत्रक वाटू नये, प्रार्थनेला थांबा म्हणू नये. पाळकसाहेबांनीही, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनीही, व्यासपीठावरून उतरून टबापाशी बसावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली रोममध्ये बालसुधारगृहातल्या मुलामुलींचे पाय धुतले, त्यांत मुस्लिम मुलगीही होती. आम्ही प्रोटेस्टंट असलो तरी त्यांच्याकडून हे शिकायला काय हरकत आहे?

आमच्या मंडळीत पुढच्या महिन्यापासून हे सुरू करायचे ठरले आहे. पाळकसाहेबांनी होकार दिला, टब आणि वजरी महिला मंडळ घेणार आहे. जवळपासच्या मंदिरांच्या, मशिदींच्या, तालमींच्या मंडळींना असे काही सुरू करायचे असेल तर मी येऊन शिकवीन. एका दुपारी शिकून होते. बॉलपेनचे टोक तळव्याला हलकेच टेकवून संवेदना कशी तपासायची, तेही दाखवीन. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तोवर रोज रात्री झोपण्यापूर्वी तळव्याखाली आरसा धरून पाहावे आणि अनवाणी चालू नये, घरातसुद्धा. तपासायला याल तेव्हा नवी चप्पल घालून येऊ नका. रोजच्या वापरातली घाला, आतून ती कशी आहे हेही पाहावे लागते.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, मिरज (जि. सांगली)