पावसाळा वगळून सड्याचा अभ्यास कसा होणार?

महोदय,
नाणारमधल्या रिफायनरीसाठीची भूसंपादनाची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, मग याच रिफायनरी व पेट्रोकेमिकल प्रकल्पासाठी आमच्या राजापूर तालुक्यातल्या बारसू-सोलगावचे नाव पुढे आले. एप्रिल २०२३ मधले माती परीक्षण आणि त्याला विरोध करत सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, उन्हात बसलेल्या बायाबापड्या सर्वांनी पाहिल्या. मला बोलायचे आहे ते पर्यावरण परिणाम अहवालाबद्दल.

पर्यावरण परिणाम अभ्यासाच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार होणाऱ्या अशा अभ्यासांत बहुतेकदा एकाच हंगामाची मोजमापे घेतात, तीही पावसाळा सोडून. मे महिन्यात आमचा सडा म्हणजे काळा, तापलेला कातळ. ‘ओसाड जमीन’ असे कुणीही लिहून मोकळा होईल! तोच सडा श्रावण-भाद्रपदात पाहावा. बोटभर खोल पाण्यात सीतेच्या आसवांच्या फुलांचा निळा-जांभळा गालिचा पसरलेला असतो, गेंद या रानफुलाची पांढरी बोंडे डोलत असतात. जांभ्यात मुरलेले हेच पाणी खालच्या वाड्यांच्या विहिरींना आणि झऱ्यांना मिळते. ते कुठून कुठे जाते, हे पावसाळ्यात मोजल्याशिवाय कळणारच नाही.

म्हणून पावसाळ्यासह सर्व ऋतूंचा अभ्यास व्हावा. युनेस्कोच्या संभाव्य यादीतील कातळशिल्पांचा, आंबा बागांचा आणि खाडीतल्या मासेमारीचाही त्यात स्वतंत्र विचार हवा. आणि जनसुनावणीपूर्वी केवळ सारांश नको, संपूर्ण अहवाल मराठीत ग्रामपंचायतीत ठेवा. सुनावणीच्या सूचनेनंतर मिळणाऱ्या तीस दिवसांत शेकडो पानांचे इंग्रजी आमच्या आयाबहिणींनी कसे वाचायचे?

– एक वाचक, राजापूर