मॉरिशसला कलापथकं जरूर पाठवा, पण हॉल बदला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मॉरिशसच्या मराठी बांधवांबद्दल आपल्या पेपरात अधूनमधून बातम्या येतात. इकडून शिष्टमंडळ गेलं, कलापथक गेलं, 2023 ला तिथल्या महाराष्ट्र भवनात शिवरायांचा पुतळा बसला, हे सगळं वाचून बरं वाटतं. मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला, तरुणपणी जाखडीत, म्हणजे आमच्या कोकणातल्या नाचात, नाचलोय, आणि माझा भाचा तिकडे एका हॉटेलात शेफ आहे म्हणून मागे एकदा गणपतीत तीन आठवडे राहून आलो. तिथं जे बघितलं ते डोक्यातून जात नाही म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण ड्रायव्हरचा भाग ठेवा.

झालं असं की आम्ही तिथं असताना भारतातून एक कलापथक आलेलं. आयोजक कोण ते नाव नको, कारण दोष कुणा एकाचा नाही. मोठा हॉल, समई, पाहुण्यांची भाषणं, मग लावणी, कोळीगीत, पोवाडा. कलाकार एकदम तयारीचे. आमच्या पुढच्या रांगेतल्या आजी, ज्यांना मराठी बोलता येत नाही, आरतीतले शब्द तेवढे येतात, त्या पोवाड्याला पदर डोळ्याला लावून बसलेल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण बाहेर आलो तर आम्हाला घेऊन आलेला व्हॅनवाला अडीच तास गाडीतच बसून होता, पाव खात. हा क्रिओल, म्हणजे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशातला, आणि भाच्याचा शेजारी. मी म्हटलं अरे आत का नाही आलास, तिकीट तर नव्हतं. तो सहज बोलला, तो कार्यक्रम मराठी लोकांचा होता ना. राग नाही, तक्रार नाही, पाऊस पडतोय म्हणावं तसं बोलला.

आता हाच माणूस, सासू तमिळ म्हणून कावडीच्या सणात अनवाणी चालणारा, आणि सप्टेंबरात पेर लावाल यांच्या समाधीला जाणारा. हे लावाल म्हणजे 19 व्या शतकातले फ्रेंच पाद्री, गुलामीतून सुटलेल्या लोकांत त्यांनी हयात घालवली. सेंट क्रॉवाला त्यांची समाधी आहे आणि 8-9 सप्टेंबरला तिथं हिंदू, मुसलमान, चिनी सगळे मेणबत्त्या घेऊन जातात. आपल्याकडे दर्ग्याला नवस बोलतात ना, अगदी तसंच. म्हणजे ह्या माणसाला दुसऱ्याच्या देवाचं वावडं नाही. त्याला आत यावंसं वाटलं नाही कारण आत येण्याचं आमंत्रणच नव्हतं, दारावर अदृश्य पाटी होती.

हे समजायला तो देश थोडा समजायला पाहिजे. लोकसंख्या साधारण साडेबारा लाख, म्हणजे आपल्या नाशिक शहरापेक्षाही कमी. पण राज्यघटनेतच चार खाने : हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि उरलेले सगळे ‘जनरल पॉप्युलेशन’. क्रिओल आणि गोरे फ्रेंच वंशाचे एकाच खान्यात, म्हणजे गुलामांचे नातू आणि मालकांचे नातू एका रांगेत, काय बोलणार. निवडणुकीत 62 खासदार लोक निवडतात आणि ज्या समाजाला जागा कमी पडल्या त्याच्या पडलेल्या उमेदवारांतून आणखी 8 पर्यंत घेतात, त्याला ‘बेस्ट लूझर’ म्हणतात. गंमत म्हणजे कोण किती आहेत हे अजूनही 1972 च्या जनगणनेवरूनच धरतात, कारण त्यानंतर समाजवार मोजणीच बंद केली. मोजायचं नाही पण वाटायचं मात्र मोजून!

सुट्ट्या पण तशाच. महाशिवरात्र, तमिळांची कावडी, तेलुगूंचा उगादी, ईद, चिनी नवं वर्ष, ख्रिसमस, आणि आपल्या लोकांसाठी गणेश चतुर्थी. अख्ख्या देशाला सुट्टी असते. हेन्रिएटा गावात 1896 ला पहिला गणपती बसला असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. ऊसतोडीला करारावर नेलेली माणसं, मुंबई बंदरातून चढलेली, त्यातले बरेच आपल्या रत्नागिरीकडचे. त्यांनी जाखडी नेली, तिकडे तिला झाकरी म्हणतात. मी बघितली, पाय बरोबर पडतात, चाल थोडी बदललीय. ताला-सुराला मी नावं ठेवणार नाही, दीडशे वर्ष कुणी शिकवायला न जाता टिकवलं हेच खूप.

तर सांगायचं हे की तिथं प्रत्येक मायदेश आपापल्या खान्याला पाणी घालतो. आपलं सरकार मोका नावाच्या गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट चालवायला मदत करतं, 1970 पासूनचं, तिथं हिंदी, तमिळ, तेलुगू, मराठी सगळं शिकवतात, फिनिक्स गावात आपल्या सरकारच्या आयसीसीआर या सांस्कृतिक संस्थेचं इंदिरा गांधी केंद्र आहे. चीनने 1988 लाच सांस्कृतिक केंद्र काढलं. फ्रेंचांची आलियान्स फ्रान्सेज, म्हणजे फ्रेंच भाषा शिकवणारी संस्था, तर त्याच्याही शंभर वर्ष आधीची. आणि तिथलं सरकार पण भाषेनुसार, समाजानुसार वेगवेगळे ट्रस्ट आणि स्पीकिंग युनियन, म्हणजे एकेका भाषेसाठीच्या संस्था, काढून देतं, मराठी, तमिळ, तेलुगू, भोजपुरी, उर्दू, क्रिओल. मग क्रिओल माणसाचा मायदेश कोणता? ज्याचे पूर्वज मोझांबिक, मादागास्करहून साखळदंडात आले त्याच्यासाठी कोण कलापथक पाठवणार, कोण पुतळा देणार? 2024 ला आपल्या राष्ट्रपतींनी तिथं जाहीर केलं की भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशातल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड, मिळेल. चांगली गोष्ट आहे, पण भाच्याच्या गल्लीत एका घराला ते मिळू शकतं आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घराला नाही. ह्यात कुणाचा वाईट हेतू नाही हो, पण रोज बघणाऱ्याला काय वाटत असेल?

हे खाने नुसते कागदावर नाहीत. 1968 च्या जानेवारीत, म्हणजे स्वातंत्र्याला दोन महिने असताना राजधानी पोर्ट लुईत क्रिओल-मुस्लिम दंगल झाली, ब्रिटिश सैनिक आणावे लागले. 1998 ला नव्या नोटा छापल्या तर त्यावर तमिळ अक्षरं हिंदीच्या खाली गेली, आधी ती वर होती, एवढ्यावरून तमिळ समाज रस्त्यावर उतरला आणि नोटा मागे घ्यायला लागल्या. कुणी हसेल, पण आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर कुठलं अक्षर मोठं यावरून काय होतं ते आपण बघतोच. आणि लगेच पुढच्या वर्षी, फेब्रुवारी 1999 ला काया नावाचा गायक पोलीस कोठडीत मेला. सेगा, म्हणजे तिथल्या क्रिओल लोकांचं गाणं-नाच, आणि रेगे मिसळून सेगे नावाचं संगीत लोकप्रिय करणारा हा रॉश-ब्वा वस्तीतला पोरगा. क्रिओल वस्त्या पेटल्या, पुढे त्याला हिंदू-क्रिओल रंग चढला, माणसं मेली. त्यावेळचे राष्ट्रपती कासम उतीम यांनी शांत राहा म्हणून लोकांना विनवलं. भाच्याच्या घरमालकाने सांगितलं, त्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा शेजाऱ्याकडे बघून विचार केला की हा आपला की त्यांचा. ते वाक्य माझ्या कानात बसलंय.

आणि तरीही तो देश फुटला नाही, फिजीसारखं सत्तापालटाचं राजकारण झालं नाही. का नाही झालं ह्याचं उत्तर मला हॉलमध्ये नाही, सकाळच्या हातगाडीवर मिळालं असं म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल पण ऐका. तिथं सकाळी लोक ‘गातो पिमा’ खातात, म्हणजे चक्क आपला डाळवडा, हिरवी मिरची घातलेला, आणि तो बटर लावलेल्या पावात घालून! वडापावचा सख्खा चुलतभाऊ. दुपारी धोलपुरी, चणाडाळ भरलेली पोळी, पुरणपोळीतला गूळ काढला की झाली, जोडीने विकतात, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी आणि टोमॅटोची चटणी. बिहारकडून आलेल्या लोकांची चीज, पण रांगेत चिनी, क्रिओल, मुसलमान, गोरा, सगळे. ही कुणाची डिश म्हणून कुणी विचारत नाही. भाषा पण तशीच, क्रिओल, घराघरात शंभरातले ऐंशीच्या वर लोक तीच बोलतात, आपल्या मराठी आजी पण. आणि शाळेत ती शिकवायला, तीही ऐच्छिक विषय म्हणून, सुरुवात झाली कधी, तर 2012 ला!

म्हणून मला वाटतं आपण पाठवतो ते चुकीचं नाही, पाठवायची पद्धत चुकतेय. कलापथक फक्त मराठी मंडळांच्या हॉलमध्ये नाचवून परत आणायचं कशाला? रॉश-ब्वाच्या मैदानात एक प्रयोग ठेवा की. तिथल्या सेगावाल्यांना बरोबर घ्या. सेगाचं मुख्य वाद्य रावान, मोठी डफासारखी, बकऱ्याच्या कातड्याची, आणि वाजवायच्या आधी शेकोटीवर शेकून घेतात, आपले डफवाले घेतात अगदी तसं. मी ते बघितलं तेव्हा हसूच आलं, म्हटलं अरे हे तर आमच्या शिमग्यातलं. एका रात्री भाच्याच्या अंगणात त्या व्हॅनवाल्याने रावान आणली, मी साठी उलटलेला माणूस, पायात चाळ नव्हती तरी चार पावलं टाकली, गुडघा दुसऱ्या दिवशी बोलला ते सोडा. त्याला वाजवताना माझे शब्द कळत नव्हते, मला त्याचे कळत नव्हते, पण सम कुठे येते ते दोघांना कळत होतं.

युनेस्कोच्या यादीत त्यांचा सेगा 2014 ला गेला आणि भोजपुरी लग्नातलं गीत-गवाई 2016 ला. दोन्ही मॉरिशसच्या नावाने गेले, आफ्रिकेच्या किंवा भारताच्या नावाने नाही, हे मला फार आवडलं. गुलामी आणि गिरमिट, म्हणजे करारावरची मजुरी, दोन्हीचा हिशोब मांडायला त्यांनी सत्य आणि न्याय आयोग पण एकच नेमला होता, 2011 ला त्याचा अहवाल आला. म्हणजे ते लोक जोडायला बघतायत, आपण पाहुणे म्हणून जाऊन परत वेगळं करून येतो.

आता दुसरी बाजू पण लिहितो, नाहीतर तिथले मराठी लोक मला फोन करून झापतील. एक शिक्षिका मला म्हणाल्या, काका, तुम्ही जाल निघून, आम्ही मूठभर आहोत, मायदेशाने हात काढला तर दोन पिढ्यांत मराठी फक्त आरतीत उरेल. त्यांचं खरं आहे. क्रिओल माणसाला बोलवा म्हणून मराठीचे वर्ग बंद करा असं मी म्हणतच नाही, उलट वाढवा. पण त्याच वर्गात शेजारचं क्रिओल पोरगं बसलं तर त्यालाही जागा असू दे, आणि पुस्तकं इंग्रजीवरून मराठी शिकवणारी नको, पोरं घरात बोलतात त्या क्रिओलवरून शिकवणारी करा. बाई म्हणाल्या हे आम्ही स्वतःच वह्यांत करतो, छापून कोण देणार. महाराष्ट्र सरकारने हे काम केलं तर एका पुतळ्याच्या खर्चात कितीतरी पुस्तकं होतील. पुतळा नको असं नाही, त्याच्या बरोबरीने पुस्तकं पण पाहिजेत एवढंच.

आणि नुसती एकतर्फी वाहतूक पण नको. त्यांचे सेगावाले इकडे आणा, रत्नागिरीत, मुंबईत गणपतीत एखाद्या मंडळाच्या स्टेजवर. आपल्या लोकांनाही कळेल की मॉरिशस म्हणजे हनिमून पॅकेज आणि ‘मिनी इंडिया’ एवढंच नाही. तो ‘मिनी इंडिया’ शब्द तर आपल्या पुढाऱ्यांनी सोडूनच द्यावा, जो भारतीय वंशाचा नाही त्याने तो ऐकून काय समजायचं?

शेवटी एक साधी विनंती, ह्याला बजेट पण लागत नाही. आपलं कुठलंही शिष्टमंडळ गेलं की पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर जातं, हात जोडतं, फोटो काढतं. जायलाच पाहिजे, 1834 पासून आपली माणसं बोटीतून उतरली ती ह्याच बंदरात, आणि मी पण त्या दगडी पायऱ्यांवर बसून रडलोय. पण तिथून चालत काही मिनिटांवर जुन्या मिलिटरी हॉस्पिटलच्या इमारतीत 2023 पासून गुलामीचं म्युझियम उघडलंय. पुढचं पथक जाईल तेव्हा घाटावरची फुलं अर्धी ठेवून अर्धी तिकडे न्यावीत. आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला ज्या गाड्या ठरवाल त्यांच्या ड्रायव्हरना पण आत खुर्ची द्या, पहिल्या रांगेत नको, कुठेही चालेल.

आपला,
संगमेश्वरचा एक जुना जाखडीवाला