ओजेटीच्या १२० तासांचे पैसे कुणी द्यायचे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पान तीनवर विद्यापीठाने कंपन्यांशी केलेल्या सामंजस्य कराराची बातमी वाचली, तो फाइल हातात धरलेला मोठा फोटोपण बघितला, आणि खरं सांगते, वाचून डोकंच उठलं. 'विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळणार' असं त्यात लिहिलंय. तो अनुभव, म्हणजे ही ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग), मे महिन्यात आमच्या घरी येऊन गेलाय म्हणून लिहायला बसलेय.

माझा भाचा शिकायला आमच्याकडे राहतो, एम.कॉम.ला आहे. गेली दोन वर्षं तो एका मेडिकलमध्ये संध्याकाळी काम करतो. म्हणजे नुसता काउंटरवर उभा नसतो, आलेल्या मालाची बिलं तपासणं, एक्स्पायरीचा माल वेगळा काढून कंपनीला परत पाठवणं, महिना संपला की खरेदी-विक्रीची बिलं लावून जीएसटीसाठी सीएकडे देणं, हे सगळं तोच बघतो. सुट्टीत डबल शिफ्ट करायची आणि पुढच्या वर्षाच्या फीचे पैसे बाजूला टाकायचे, असं त्याचं आधीपासून ठरलेलं होतं.

तर मे महिन्यातच ओजेटी. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्या राज्याने २० एप्रिल २०२३ ला जीआर काढला, त्यात पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंगचे ४ क्रेडिट (श्रेयांक) आहेत, म्हणजे १२० तास. केलं नाही तर क्रेडिट नाही. कॉलेजने काय केलं, तर सगळ्यांना एकच छापील पत्र दिलं आणि सांगितलं जागा तुमची तुम्ही शोधा. माझ्या भाच्याने मग सरळ विचारलं की सर, मी मेडिकलमध्ये अकाउंटचंच काम करतो, मालक लिहून द्यायला तयार आहेत, ते धरा. नाही म्हणाले. दुकान चालत नाही, आस्थापना पाहिजे, लेटरहेड पाहिजे, शिक्का पाहिजे. अहो मेडिकलला लायसन्स असतं, जीएसटी नंबर असतो, शिक्का असतो, अजून काय पाहिजे आस्थापनेला?

पोरगं फाइल घेऊन उन्हात अकरा ऑफिसं फिरलं. शेवटी शेजारच्या तालुक्यात एका खासगी ऑफिसने घेतलं. तिथे त्याला मागच्या खोलीत बसवलं आणि जुन्या व्हाउचरच्या फायली दिल्या. गंजलेल्या पिना काढायच्या, महिन्याप्रमाणे गठ्ठे लावायचे, परत टॅगने बांधायचे. एवढंच. रोज सहा तास, असे वीस दिवस. कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही, कुणी शेजारी बसून एक एंट्री दाखवली नाही. घरी आला की बोटांची टोकं तपकिरी झालेली असायची. आणि रोज रात्री ती डायरी भरायची, त्यात एक रकाना आहे 'आज काय शिकलात'. चौथ्या की पाचव्या दिवशी पेन हातात घेऊन मला म्हणाला, मावशी, काल 'कागदपत्रांचे वर्गीकरण' लिहिलं, आज काय लिहू? मला काही सांगता आलं नाही. त्याने परत तेच लिहिलं.

पैसे एक रुपया नाही. उलट एसटीचं भाडं घरचं. विद्यार्थ्यांचा पास घर ते कॉलेज असतो, ओजेटीच्या गावाला तो चालत नाही, मुलींना निदान अर्धं तिकीट आहे, याला पूर्ण. दिवसाला शंभराच्या वर जायचे. मेडिकलमध्ये डबल शिफ्ट राहिली बाजूला, मालकांनी महिनाभरासाठी दुसरा मुलगा ठेवला, त्यांचीही चूक नाही. म्हणजे पगाराचं काम सोडून फुकटचं काम करायला लावलं आणि वर त्याच ४ क्रेडिटची फीसुद्धा आपणच भरलेली आहे.

आता कुणी म्हणेल सरकारच्या योजना आहेत की. आहेत ना, मी सगळ्या बघितल्या. केंद्राची पीएम इंटर्नशिप २०२४ साली आली, तेव्हा महिन्याला ५,००० रुपये ठरले, पण पूर्णवेळ शिकणारा त्यात बसत नव्हता. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना त्याच वर्षीची, पदवीधराला १०,००० रुपये, तीही शिक्षण चालू असलेल्यांना नाही. पदवीधर ॲप्रेंटिसला २०१९ साली किमान ९,००० रुपये ठरले, निम्मे केंद्र सरकार देतं, पण त्यासाठी रीतसर करार लागतो, वीस दिवसांच्या ओजेटीला कोण करार करतंय. म्हणजे शिक्षण संपलेल्याला पैसे आणि जो फी भरतोय, ज्याच्यावर काम सक्तीचं आहे, त्याला मात्र काही नाही. हे कुणाच्या लक्षात येत नाही असं कसं होईल?

आणि हे आपल्या महाराष्ट्रात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेच कमवा आणि शिका म्हणून, पोरांनी शेतात, बांधकामावर घाम गाळला आणि त्यातून त्यांचं शिक्षण झालं. माझे वडील सांगायचे, त्यांच्या वर्गातली दोन मुलं अशीच शिकून मास्तर झाली. विद्यापीठांत आजही कमवा आणि शिका योजना आहे, तासाप्रमाणे पैसे मिळतात. मग ओजेटीत 'कमवा' कुठे गेलं? विद्यार्थी आधीच जे पगारी काम करतोय ते विषयाशी जुळत असेल तर ते तास धरा, कॉलेजच्या सरांनी एक दिवस दुकानात येऊन बघावं तो काय करतो ते. आणि जिथे बाहेर पाठवायचंच आहे तिथे निदान प्रवास आणि डब्याचे पैसे त्या कंपनीने द्यावेत, करारात तसं लिहून घ्या. एवढी मोठी विद्यापीठं, त्यांना कंपनीकडून एवढंही मागता येत नाही?

विषय निघालाच आहे तर शिष्यवृत्तीचंपण सांगते. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या साइटवर, त्याचा फॉर्म भरून महिने झाले, आधार बँकेला जोडलेलं आहे, सगळे दाखले चढवलेत, पण अर्ज कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनलाच अडकलाय. विचारायला गेलं की साइट चालत नाही म्हणतात. शिष्यवृत्तीचं व्हाउचर येऊन रिडीम होईपर्यंत, म्हणजे पैसे हातात पडेपर्यंत, पुढची फी भरायची वेळ येते, आणि फीची पावती नसेल तर परीक्षेचा फॉर्म घेत नाहीत. मे महिन्याचे पैसे असते तर हे तरी निभावलं असतं.

तुमच्या वार्ताहरांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी असा करार झाला की फोटो जरूर छापा, पण मागच्या करारातून किती मुलं कामाला गेली, काय काम दिलं आणि किती पैसे दिले हे तीन प्रश्न कुलगुरूंना तिथेच विचारा आणि उत्तर आलं तर तेही त्याच पानावर छापा.

आपली,
एका विद्यार्थ्याची मावशी