आमच्या नाताळावर तुमचे बार नकोत : उत्पादन शुल्क मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय, राज्य उत्पादन शुल्क,
सप्रेम नमस्कार.

मी नगर जिल्ह्यातली निवृत्त शिक्षिका, ख्रिस्ती. 24 डिसेंबरला मध्यरात्रीची उपासना आटोपून आम्ही देवळाबाहेर पडलो, तर समोरच्या बारमधून निघालेल्या दोन पोरांनी मोटारसायकल सरळ आमच्या घोळक्यात घातली. माझा डावा हात मनगटात मोडला. उजवा शाबूत आहे, म्हणून हे पत्र. तक्रार लिहून घेताना साहेब म्हणाले, "बाई, नाताळ तुमचाच ना? मग थोडीफार चालायचीच."

हे "तुमचाच" हातापेक्षा जास्त ठणकतंय. 24, 25 आणि 31 डिसेंबरला बार पहाटे 5 पर्यंत उघडे ठेवायची परवानगी सरकार देतं, आणि नाव आमच्या सणाचं. आषाढीला ड्राय डे असतो, तो असायलाच हवा. मग येशूच्या जन्मरात्रीच एवढी मेहेरबानी का? आम्ही कधी अर्ज केला होता?

आता कोणीतरी दारूच्या बाजूने बायबलमधलं काना गावचं लग्न काढणार. हो, त्या लग्नात प्रभू येशूने सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला. कोणी पाचशे लिटर म्हणतं, कोणी सातशे. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हटलं, हेही खरं. पण त्याच पौलाने इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला दारूने धुंद होऊ नका असं बजावलं, आणि रोमच्या मंडळीला लिहिलं की ज्याने भावाला ठेच लागते ते पिऊच नये. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, न आंबवलेला द्राक्षांचा रस देतात. दारू सोडलेली माणसं त्याच बाकांवर बसतात, एका घोटाने ती परत घसरायला नकोत. कॅथलिकांच्या मिस्साला, म्हणजे त्यांच्या याच विधीच्या उपासनेला, वाइन लागते. त्यावर आम्ही आपसात खुशाल भांडू, तुम्ही मध्ये पडू नका.

आमचे हे दारूनेच गेले. सत्तेचाळिसाव्या वर्षी, पोट पाण्याने टम्म फुगून. धाकटी तेव्हा चौथीत होती. पाकिटात काय सापडलं? तुमच्याच खात्याचं दारू पिण्याचं परमिट. आरोग्य राखण्यासाठी म्हणे! एका दिवसाचं 5 रुपयांत, देशीचं तर 2 रुपयांत. चहासुद्धा महाग आहे हो.

कायदा 1949 चा, दारूबंदीचा. संविधानाच्या 47 व्या कलमातही दारूबंदीचंच सांगणं. आणि 2025 च्या जूनमध्ये तुमच्या सरकारने दारूवरचं शुल्क वाढवलं ते कशासाठी, तर 14,000 कोटी जादा मिळावेत म्हणून. म्हणजे गिऱ्हाईक मेलं तरी चालेल, घटायला मात्र नको. कोणताही पक्ष येवो, ही तिजोरी कोणालाच सोडवत नाही. बायकांनी मतदान करून बाटली आडवी करायची, आणि तुम्ही ती उभी करून त्यावर कर मोजायचा.

पुढच्या वर्षीच्या आदेशातून 24 आणि 25 तारीख वगळा. वगळणं जमत नसेल, तर नाताळाचं नाव काढून तिथे 'महसुलासाठी' असं लिहा.

माझ्या तक्रारीची पोच अजून मिळालेली नाही. प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल.

आपली,
एक मतदार